खिशातले संगीत : गैरसमज आणि वस्तुस्थिती

१९९८ मध्ये दक्षिण कोरियातील सेहान कंपनीने 'एमपीमॅन' नावाचा प्लेयर बाजारात आणला, तेव्हा त्याच्या ३२ मेगाबाइटांत जेमतेम अर्ध्या तासाचे गाणे मावत असे. २००१ च्या ऑक्टोबरात ॲपलने ५ गिगाबाइटांचा आयपॉड पुढे करून एक हजार गाणी खिशात घालून देण्याची ग्वाही दिली. आणि आज नखाएवढ्या कार्डावर त्याच्या शंभरपट ऐवज राहतो. ज्या वस्तूचे आकडे इतक्या अल्पावधीत एवढे वाढले, तिच्या खरेदीत गिऱ्हाइकाची नजर आकड्यांवरच खिळावी हे स्वाभाविक आहे. परंतु खोक्यावरचा आकडा यंत्राची कुवत सांगतो, कानी काय पडेल ते सांगत नाही. आणि ह्या दोहोंतील भेद ध्यानात न घेतल्यामुळेच पुढील बहुतेक समज रूढ झाले आहेत.

गैरसमज : फोन हाताशी असताना निराळा प्लेयर घेणे ही उधळपट्टी होय.

वस्तुस्थिती : ज्याचे ऐकणे इंटरनेटवरून आणि बिनतारी हेडफोनवर चालते, त्याच्यापुरते हे विधान खरे आहे. परंतु २०१६ च्या आयफोन ७ पासून पुढे अनेक फोनांतून हेडफोन जॅकच वगळला गेला. तेव्हा ज्याच्यापाशी स्वतःचा ध्वनिसंग्रह आणि तारेचा उत्तम हेडफोन आहे, आणि आलापी रंगात आली असता कोणा विमा एजंटाचा फोन येऊन रसभंग होणे ज्याला मंजूर नाही, त्याची सोय स्वतंत्र यंत्रच नीट करू शकते. मे २०२२ मध्ये ॲपलने आयपॉड बंद केल्याचे जाहीर केले म्हणून ही जातच नामशेष झाली असेही नाही. सोनीचा वॉकमन आणि फियो, ॲस्टेल अँड केर्न ह्यांचे प्लेयर त्यानंतरही निघत राहिले आहेत.

गैरसमज : खोक्यावर जितकी हजार गाणी लिहिली असतील, तितकी मावतातच.

वस्तुस्थिती : हा हिशेब तीन-चार मिनिटांचे गीत प्रमाण धरून केलेला असतो, चाळीस मिनिटांचा ख्याल त्यात जमेस धरलेला नसतो. म्हणून गाणी न मोजता तास मोजावेत. ३२० किलोबिटच्या एमपी३ला मिनिटास सुमारे २.४ मेगाबाइट जागा लागते, सीडीवरील मूळ ध्वनीला सुमारे १०.६, आणि त्यातील काहीही न गमावता संक्षेप करणाऱ्या फ्लॅकला बहुधा त्याच्या निम्म्याच्या आगेमागे. ह्या दराने ६४ गिगाबाइटांत एमपी३चे चारशेहून अधिक तास, तर फ्लॅकचे दीडशे ते दोनशे तास बसतात. मायक्रोएसडी कार्डाची सोय असेल तर अंगभूत जागेसाठी जादा रक्कम मोजण्याचे कारण उरत नाही. मात्र यंत्र किती क्षमतेचे कार्ड स्वीकारते, ह्याची आधी खातरजमा करावी.

गैरसमज : 'हाय-रेझ'चा शिक्का आणि १९२ किलोहर्ट्झचा आकडा असला, की जुने गाणेही नव्याने उजळते.

वस्तुस्थिती : सीडीचा ध्वनी सेकंदास ४४,१०० नमुने घेऊन १६ बिटांत नोंदलेला असतो. नमुन्यांच्या निम्म्या संख्येपर्यंतची कंपने त्यांतून जशीच्या तशी परत मिळू शकतात, असे नायक्विस्ट-शॅनन सिद्धांत सांगतो. म्हणजे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी तेथे सुखरूप राहतो, आणि मनुष्याचा कान तर ऐन तारुण्यातही सहसा २० किलोहर्ट्झच्या पलीकडे जात नाही, पुढे वयोमानाप्रमाणे ही मर्यादा खालीच येते. २००७ मध्ये मायर आणि मोरन ह्या अमेरिकनांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत उच्च क्षमतेचे ध्वनिमुद्रण कधी मूळ रूपात, तर कधी सीडीच्या मापात उतरवून ऐकविले गेले, आणि ५५४ चाचण्यांअंती श्रोत्यांचे कौल निव्वळ अंदाजाहून सरस ठरले नाहीत. 'हाय-रेझ' फाइलींतील २४ बिटांचा खरा उपयोग ध्वनिमुद्रणाच्या व संस्करणाच्या वेळी होतो. १९२५ पूर्वीच्या तबकड्या तर मायक्रोफोनविना, कर्ण्यात गाऊन मुद्रित झालेल्या. कर्ण्याने जे टिपलेच नाही, ते कितीही मोठ्या फाइलीत अवतरणार नाही. एमपी३चे फ्लॅकमध्ये रूपांतर करणाऱ्यांचा श्रमही असाच व्यर्थ जातो : एकदा वगळलेला ध्वनी परत येत नाही, केवळ जागा अडते.

गैरसमज : फाइल उत्तम असली की गाणे अखंड वाजणारच.

वस्तुस्थिती : आपल्याकडच्या रागसंगीताच्या श्रोत्याने सर्वांत आधी पारखावा असा हा गुण, आणि दुकानात विचारपूस मात्र त्याचीच सर्वांत कमी. मैफलीचे ध्वनिमुद्रण अनेकदा तुकड्यांत विभागलेले असते, आणि विलंबित संपून द्रुत जेथे उचलली जाते तेथेच नेमकी एका फाइलीची हद्द संपते. एमपी३ पद्धत ध्वनीचे ११५२ नमुन्यांचे तुकडे पाडून नोंद करते. अखेरचा तुकडा अपुरा पडला की तो निःशब्दतेने भरून काढला जातो, आणि आरंभीही थोडी निःशब्दता शिरतेच. प्लेयर ही भर ओळखून गाळत नसेल, तर ठेका क्षणभर लंगडतो आणि समेवर द्यायची दाद ओठांवरच राहते. फ्लॅकमध्ये अशी भर नसते. तथापि पुढील फाइल वेळेआधी उघडून ठेवण्याची व्यवस्था यंत्रात असावीच लागते. तपशीलपत्रकात 'गॅपलेस' असा उल्लेख आहे की नाही, ते पाहावे.

गैरसमज : प्लेयर भारी घेतला की हेडफोन कोणताही चालतो.

वस्तुस्थिती : दोन हेडफोनांतील फरक सामान्य श्रोत्यालाही तत्काळ कळतो, दोन बऱ्या प्लेयरांतील फरक जाणकारालाही सहजी सांगता येत नाही. बहुतेक इअरफोनांचा विद्युत्-रोध १६ ते ३२ ओहम असतो, तर झेनहायझरच्या एचडी ६०० चा ३०० ओहम. असा हेडफोन चालविताना लहान प्लेयरची दमछाक होते. ब्लूटूथवर ऐकताना तर ध्वनीचे अंतिम रूपांतर हेडफोनमधील चिप करते, आणि ज्या डॅकसाठी, म्हणजे आकड्यांचे ध्वनीत रूपांतर करणाऱ्या भागासाठी, ज्यादा दाम मोजले तो प्लेयरात बेकार बसून राहतो. मोठा आवाज ही काही गुणवत्तेची खूण नव्हे : जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्यास ४० तास सुरक्षित असतात, तेच ९० डेसिबलला अवघे ४ उरतात.

गैरसमज : ॲपमधून डाउनलोड केलेले गाणे आपल्या मालकीचे होते.

वस्तुस्थिती : दरमहा वर्गणीवर मिळणारे गाणे हा भाडेपट्टा आहे, खरेदीखत नव्हे, वर्गणीची मुदत सरली की उतरवून घेतलेली फाइलही वाजेनाशी होते, आणि दुसऱ्या प्लेयरवर तिची नक्कल नेता येत नाही. ज्याला संग्रह करावयाचा आहे त्याने सीडी किंवा विकत घेतलेल्या मुक्त फाइलींची वाट धरावी.

तेव्हा खरेदीचा क्रम असा ठेवावा : प्रथम आपण काय आणि कोठे ऐकतो ते ठरवावे, मग हेडफोनची तरतूद करावी, आणि उरलेल्या रकमेत प्लेयर पाहावा. दुकानात जाताना आपला हेडफोन आणि परिचित मैफलीचे दोन सलग तुकडे कार्डावर घेऊन जावे. ते जोडून वाजवून पाहिले, की जो निकाल खोक्यावरचा मजकूर देऊ शकत नाही तो पाच मिनिटांत मिळतो.