रविवारचं पहिलं वाचन

शनिवारची संध्याकाळ. चर्चची सातची घंटा नुकतीच होऊन गेली आहे. वाडीतल्या घराच्या ओट्यावर आजी बसली आहे आणि समोर नववीतली नात उभी आहे. नातीच्या हातात झेरॉक्स काढलेला एक कागद. तीन वेळा वाचून झालं, पण 'नियमशास्त्र' या शब्दापाशी गाडी दर वेळी अडते. शाळा इंग्रजी माध्यमाची. जोडाक्षर दिसलं की जीभ चाचरते.

"पुन्हा," आजी म्हणते. नात नाक मुरडते, कागद वर धरते आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करते.

जानेवारीतल्या शनिवारी वसईच्या एखाद्या ख्रिस्ती गावात गेलात, तर हे दृश्य कुठल्याही ओट्यावर दिसू शकेल. उद्या मिस्सा आहे. त्यातलं पहिलं वाचन या मुलीच्या वाट्याला आलंय, आणि चर्चभर माणसांसमोर उभं राहून वाचायची तिची ही पहिलीच वेळ.

मिस्सा म्हणजे कॅथलिक लोकांची मुख्य उपासना. येशूने शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या भोजनाचं स्मरण. रविवारी मिस्साला जाणं हे कर्तव्यच मानलेलं. वारकऱ्याची वारी आषाढी-कार्तिकीला, या घरांतली वारी दर आठवड्याची!

चर्चगेटहून विरार लोकल पकडली की पन्नासेक किलोमीटरवर वसई रोड स्टेशन येतं. पूर्वेला आणि स्टेशनच्या आसपास आता इमारतींची दाटी आहे. पण पश्चिमेला समुद्राच्या दिशेने थोडं आत शिरलं की केळीच्या बागा, पानवेली, फुलांच्या वाड्या आणि पाण्याने भरलेली बावखलं अजूनही भेटतात. गास, निर्मळ, नंदाखाल, सांडोर, पापडी अशा गावांमधून चर्चचे मनोरे दिसतात. इथल्या ख्रिस्ती समाजाची मुळं पोर्तुगीज काळातली. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात आली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. त्या विजयानंतर इथल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रभर गेल्या. नाशिकचं नारोशंकर मंदिर, भीमाशंकर, वाईजवळची मेणवली... तिथल्या मोठाल्या घंटा वसईच्याच मानल्या जातात. सत्ता गेली, घंटा गेल्या, पण माणसं इथेच राहिली. कुणी शेती केली, कुणी मासेमारी, कुणी मुंबईला दूध, भाजी, फुलं पोहोचवली. बोलत राहिली ती आपापल्या बोलीत. सामवेदी ख्रिस्ती, ज्यांना कुपारी म्हणतात, त्यांची कादोडी बोली आणि वाडवळांची वाडवळी. कोळ्यांची तऱ्हा आणखी वेगळी.

एका चर्चच्या कक्षेत येणाऱ्या वस्तीला इथे धर्मग्राम म्हणतात. शब्दातच ग्राम आहे, आणि ते खरंच आहे. धर्मग्राम हे गावासारखंच चालतं. आठवडाभर तिथे काही ना काही सुरू असतं, पण बाहेरच्या माणसाला दिसते ती फक्त रविवारची गर्दी.

इतर दिवशी पहाटेच्या मिस्साला मोजकी माणसं. बहुतेक वयस्कर. कामावर जाणाऱ्यांनी तोवर लोकल गाठलेली असते. कुणाच्या नवऱ्याच्या वर्षश्राद्धासारखी मिस्सा असते, कुणाचं ऑपरेशन असतं म्हणून प्रार्थना असते. ज्याच्यासाठी मिस्सा, त्याचं नाव फादर सुरुवातीलाच घेतात आणि बाकावरच्या बायका एकमेकींकडे बघतात. आजारी कोण, गेलं कोण, परदेशी निघालं कोण, गावाची बित्तंबातमी सकाळी सातच्या आत सगळ्यांना कळलेली!

बुधवार नोव्हेनाचा. मुंबईत माहीमच्या चर्चमध्ये १९४८ सालापासून बुधवारी मरियामातेचा नोव्हेना होतो, आणि तिथे ख्रिस्ती नसलेलेही रांगा लावतात, हे मुंबईकरांना ठाऊक आहेच. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर घराबाहेर पडतात, ते अंथरुणाला खिळलेल्यांना कम्युनियन द्यायला. ज्या घरी जायचं तिथे सकाळपासून लगबग. पाटावर किंवा टेबलावर पांढरंशुभ्र कापड, मेणबत्ती, दोन फुलं. वाडीत मोगरा आणि जास्वंद असताना फुलांना काय तोटा! ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात तर शुक्रवारचं रूपच पालटतं. सामिष वर्ज्य. संध्याकाळी क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या अखेरच्या यातनांच्या चौदा टप्प्यांसमोर थांबत, गुडघे टेकत केलेली प्रार्थना. त्या काळात लग्नंही होत नाहीत. म्हणून नाताळ संपला की राखेच्या बुधवारपर्यंत लग्नांची घाई उडते.

शनिवारी बायका चर्च झाडून-पुसून काढतात आणि वेदीवर फुलं मांडतात. गायकवृंदाची तालीम होते. आणि रोज रात्री घराघरातून जपमाळ. ती मात्र हल्ली पूर्वीसारखी राहिली नाही. आधी टीव्हीवरच्या मालिकांनी तिची वेळ पुढे ढकलली, मग मोबाइलने घरातली माणसं वेगवेगळ्या खोल्यांत बसवली. बऱ्याच घरांत आता एकटी आजीच जपमाळ ओढते आणि बाकीचे जेवायच्या वेळेला 'आमेन' म्हणायला हजर होतात.

हा सगळा आठवडा चालतो मराठीत. प्रार्थना, गाणी, प्रवचन, लग्नाच्या घोषणा, अंत्यविधी, सगळं प्रमाण मराठीत. पण ही मराठी आजीने काही आईच्या मांडीवर शिकलेली नाही. तिची घरची भाषा कादोडी. आज पंचाहत्तरीच्या पुढे-मागे असलेल्या या आजीच्या लहानपणी मिस्सा होती लॅटिनमध्ये! फादर लोकांकडे पाठ करून वेदीकडे तोंड करत आणि लॅटिन मंत्र म्हणत. लोक उभे राहात, गुडघे टेकत, उत्तरंही देत. अर्थ किती जणांना कळे, हा प्रश्न कुणी विचारत नसे. बायका मागे बसून आपली जपमाळ ओढत. घरची प्रार्थना आणि फादरांचं प्रवचन मराठीत, पण वेदीवरची भाषा देवाची, आपली नव्हे, असा सगळ्यांचा समज.

मग रोममध्ये १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. उपासनेत लोकांची भाषा वापरायला परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये वाट मोकळी करून दिली. पुढच्या काही वर्षांत वसईच्या चर्चमधून मराठी मिस्सा सुरू झाली. फादर लोकांकडे तोंड करून उभे राहिले. आजी तेव्हा नातीच्याच वयाची होती. नवी उत्तरं, नवी गाणी पाठ करायची होती. पोरांनी ती आठवड्यात पाठ केली. कुरकुरली ती मोठी माणसं. देवाशी बोलायची भाषा कधी कुणी बदलतं का, असं म्हणणाऱ्या आया आणि आज्या तेव्हाही होत्याच.

खरं तर मराठीशी ख्रिस्ती धर्माचं नातं त्याहून कितीतरी जुनं. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात मराठी ओव्यांमध्ये 'ख्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ साली छापलं गेलं. वसईच्या मातीनेही मराठीची परतफेड केलीय. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिकाचं अनेक वर्षं संपादन केलं, 'सुबोध बायबल' लिहिलं आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. जुलै २०२४ मध्ये ते गेले. पण साहित्य संमेलनापर्यंत पोहोचलेली ही मराठी टिकली, ती गावच्या चर्चमधल्या साध्यासुध्या वाचनामुळे. घरी कादोडी बोलणाऱ्या, चौथी-सातवी शिकून वाडीत राबणाऱ्या बाईच्या कानांवर दर रविवारी तासभर प्रमाण मराठी पडत होती. वर्षाचे बावन्न तास झाले. अशी पन्नास-साठ वर्षं धरा. एवढं मराठी ऐकायला किती पदवीधर तरी बसले असतील?

आता नातीच्या पिढीपाशी पेच उभा आहे. शाळा इंग्रजी, मोबाइल इंग्रजी, भाऊ कॅनडाला जायच्या तयारीत. स्टेशनजवळच्या वसाहतींत मुंबईहून, गोव्याहून, मंगळूरहून, केरळमधून आलेली कॅथलिक कुटुंबं राहतात. त्यांच्यासाठी इंग्रजी मिस्सा लागतेच. ती नको म्हणणं माणुसकीला धरून नाही. घरापासून दूर आलेल्या माणसाला निदान कळेल अशा भाषेत प्रार्थना मिळालीच पाहिजे. खरा प्रश्न आहे तो गावातल्याच मुलांचा. धर्मशिक्षणाच्या वर्गात मराठी पुस्तक पुढे आलं की ही मुलं प्रार्थना रोमन अक्षरांत लिहून घेतात. 'आम्हालाही इंग्रजीच सोपं जातं,' हे त्यांचं म्हणणं. चुकीचंही नाही. साठ वर्षांपूर्वी लॅटिन सोडताना हेच कारण दिलं गेलं होतं की, लोकांना कळेल अशी भाषा हवी!

फक्त त्या वेळी भाषा बदलली तेव्हा आजी आणि नात एका बाजूला आल्या. आता बदलली तर आजी एकटी पडेल.

करोनाच्या काळात याची झलक दिसली. मार्च २०२० मध्ये चर्च बंद झाली. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं नोव्हेंबर २०२० मध्ये उघडली, पुन्हा बंद झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये परत उघडली. मधल्या काळात मिस्सा मोबाइलवर. घरातल्या एका फोनवर पोरांची इंग्रजी मिस्सा, तर दुसऱ्या फोनसमोर आजी, नेहमीसारखं लाल लुगडं नेसून, उभं राहायच्या वेळी उभी, गुडघे टेकायच्या वेळी गुडघ्यांवर.

म्हणून शनिवारचा तो ओटा महत्त्वाचा. रविवारच्या मिस्सात सुवार्तेआधी दोन वाचनं असतात. पहिलं बहुतेकदा जुन्या करारातलं, दुसरं पौल वगैरेंच्या पत्रांतलं. दोन्ही साधी माणसं वाचतात. वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं, चौथ्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. कोण वाचणार हे आधी ठरतं आणि उतारा घरी नेऊन सराव करायचा असतो. आजी तरुण असताना वेदीजवळच्या त्या वाचनपीठावर बाईमाणसाने चढायची रीत नव्हती. पुढे ती हळूहळू पडली. २०२१ साली तर पोप फ्रान्सिस यांनी वाचक म्हणून स्त्रियांची रीतसर नेमणूक करायला कायद्यातच वाट करून दिली. आजी मात्र कधी वर चढली नाही. वय झालं होतं, चष्मा लागला होता, आणि मुख्य म्हणजे 'आपल्याला कशाला ते' हा स्वभाव. उतारे मात्र तिला निम्मेअधिक पाठ! नातीने 'करिंथकरांस' म्हणताना 'थ'चा 'त' केला की न बघताच ती टोकते.

रविवार उजाडतो. दुसऱ्या घंटेला वाट फुलून जाते. पुढच्या बाकांवर पोरं, डाव्या-उजव्या बाजूला बायका-पुरुष, उशिरा येणारे दाराबाहेर. ते तर प्रत्येक चर्चमध्ये ठरलेलेच, आणि मिस्सा संपायच्या आधी निघणारेही तेच! गायकवृंदाचं गाणं होतं, प्रार्थना होते, लोक खाली बसतात. नववीतली मुलगी उठते, वेदीसमोर मान लववते आणि वाचनपीठापाशी जाते. माइक तिच्या उंचीपेक्षा वर. सेवेला उभा असलेला मुलगा तो खाली ओढतो.

आजचा उतारा नहेम्याच्या पुस्तकातला. दर तीन वर्षांनी जानेवारीतल्या एका रविवारी तो येतो. बाबेलच्या बंदिवासानंतर यरुशलेममध्ये परतलेले लोक वेशीपाशी जमले आहेत. एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत ग्रंथ वाचतो. पुरुष, स्त्रिया, समजण्याजोगी मुलं सगळी कान देऊन ऐकतात. वाचलेलं त्यांना उलगडून सांगितलं जातं आणि अर्थ कळल्यावर लोक रडू लागतात.

मुलगी सावकाश वाचते. पहिला 'नियमशास्त्र' नीट जातो. दुसऱ्याला ती थांबते, श्वास घेते, आणि तोही पार होतो. आजी पाचव्या बाकावर आहे. तिने डोळे मिटलेत आणि ओठ हलताहेत, नातीच्या अर्धा शब्द पुढे.

मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात नेहमीची गर्दी. लग्नाची आमंत्रणं, वालाच्या शेंगांचा भाव, कुणाच्या मुलाचा व्हिसा. एक-दोघी जणी मुलीच्या पाठीवर हात ठेवून 'छान वाचलंस' म्हणतात. आजी काही म्हणत नाही. पर्समधून चष्म्याचं घर काढते, दाराजवळच्या फळ्यावर लावलेली पुढच्या महिन्याची वाचकांची यादी बोट फिरवत वाचते, आणि नातीला हाक मारते.