बुद्ध्यंकाचा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

आजचा विषय आहे बालविकास मानसशास्त्राच्या संशोधनपद्धती. नाव रुक्ष आहे खरं. पण आपल्या खारघरमध्येही एखाद्या मुलाची चाचणी होते, हातात कागद येतो, त्यावर बुद्ध्यंक असतो, आणि घरातले सगळे त्या आकड्याकडे निकाल लागल्यासारखे बघतात. तो आकडा येतो कुठून, ते पाहू.

१९०५ साली पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ यांनी अशी पहिली चाचणी केली. शाळेत कोणत्या मुलांना जास्त मदत लागेल, हे शोधायचं होतं. शिक्का मारायचा नव्हता. १९३० च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी तिचं रूपांतर केलं. तीच बिने-कामत चाचणी. नुसतं भाषांतर का पुरत नाही? मुलानं कधी न पाहिलेल्या वस्तूविषयी विचारलं, तर आपण बुद्धी नाही, ओळख मोजतो. आणि 'वयाच्या मानानं' म्हणायचं तर तुलना इथल्याच मुलांशी हवी ना?

पुढे १९२० च्या सुमारास तरुण पियाजे पॅरिसमध्ये अशाच चाचण्यांवर काम करत होता. त्याचं लक्ष गेलं चुकलेल्या उत्तरांकडे. एका वयाची मुलं साधारण एकाच तऱ्हेनं चुकतात! म्हणजे चुकीतही विचार असतो. मग तो मुलांना विचारू लागला, 'असं का वाटलं तुला?' संवाद ही दुसरी पद्धत झाली.

तिसरी पद्धत म्हणजे तीच मुलं वर्षानुवर्षं पाहणं. याचं उत्तम उदाहरण पुण्याजवळचं आहे. १९९३ मध्ये केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या आहाराच्या आणि रक्ताच्या नोंदी सुरू केल्या. त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांतल्या शंभराच्या आसपास मुलांच्या चाचण्या घेतल्या. ज्यांच्या आयांच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, ती मुलं आकड्यांची रंगीत वर्तुळं क्रमानं जोडायला जास्त वेळ घेत होती, आणि ऐकलेले आकडे उलटे म्हणण्यात मागे होती. बुद्धिमापनाच्या चाचणीत मात्र फरक दिसला नाही. लक्षात आलं का? जो फरक लक्ष आणि स्मृतीच्या चाचण्यांनी पकडला, तो बुद्ध्यंकाला दिसलाच नाही.

पण थांबा. यावरून बी-१२ हेच कारण ठरत नाही. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एक दुसरीचं कारण, असं तर्कशास्त्र म्हणत नाही. ज्या घरात बी-१२ कमी, तिथं आणखीही काही कमी असू शकतं. कारण ठरवायचं तर प्रयोग हवा : चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडायचे, काहींना जीवनसत्त्व द्यायचं, काहींना तशीच दिसणारी साधी गोळी. ती खेड्यांतली मुलं वयात आल्यावर २०१२ मध्ये त्यांच्यातच 'प्रिया' नावाचा असा प्रयोग सुरू झाला. एका प्रश्नामागे जवळजवळ वीस वर्षं!

तेव्हा कागद हातात आला की तज्ज्ञांना विचारा : चाचणी मुलाच्या भाषेत झाली का? मूल नेमकं कुठे अडलं, आणि त्याला मदत काय करायची? आकड्यापेक्षा ही उत्तरं मुलाच्या जास्त उपयोगाची. आणि वर्षभरानं पुन्हा बघा. मूल वाढत असतं, कागद वाढत नाही.