गेट-टुगेदरचं इस्टिमेट

फायनल इयरच्या सेंड-ऑफला सगळेच म्हणतात, "पंचवीस वर्षांनी नक्की भेटू!" पण अशी भेट आपोआप होत नाही. कुणीतरी एक बळीचा बकरा लागतो. तो तुम्ही असाल, तर हे पान जपून ठेवा.

पहिलं काम यादीचं. सगळ्यात जास्त माणसं इथेच गळतात. फक्त फायनल इयरची यादी धरली, की इयर डाउन झालेले सुटतात. फर्स्ट इयरची धरली, की डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेले सुटतात. तेव्हा चारही वर्षांच्या याद्यांचं 'युनियन' घ्या, 'इंटरसेक्शन' नको! लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींचा पत्ता जुन्या रूम-पार्टनरकडूनच लागतो. आणि नोकरीधंद्यात मागे पडलेला मित्र ग्रुपवरचा मेसेज वाचून गप्प बसतो. त्याला फोनच करावा लागतो, तोही त्याच्या रूममेटने.

दुसरी गोष्ट तारीख. परदेशातल्यांना डिसेंबरअखेर सोयीचं पडतं, पण तेव्हाच हॉटेलांचे दर चढतात. कार्यक्रम कॉलेजमध्ये करायचा असेल तर परीक्षांच्या तारखा आधी विचारा. वर्षभर आधी दोनच तारखा पुढे ठेवा, एक ठरवा आणि मग काही झालं तरी बदलू नका.

आता पैसा. समजा हॉल, मांडव, साउंड मिळून ६०,००० रुपये. हा खर्च माणसं कितीही आली तरी होणारच. जेवणखाण माणशी ८००. शंभरजण "येतो" म्हणाले म्हणून तुम्ही वर्गणी १,४०० ठेवलीत आणि आले साठच, तर खर्च १,०८,०००, जमा ८४,०००. उरलेले २४,००० कुणाच्या खिशातून? अर्थात तुमच्या! इथेही फॅक्टर ऑफ सेफ्टी लावा. वर्गणी कमी आकड्यावर काढा आणि पैसे आले तरच नाव पक्कं धरा.

पण कुणाला वर्गणी जड जात असेल तर? ज्यांना जमतं त्यांच्याकडून थोडे जास्त घ्या आणि ही गोष्ट फक्त खजिनदाराला ठाऊक असू द्या. 'कुणी किती दिले' अशी यादी ग्रुपवर कधीच टाकू नका. एकूण जमाखर्च मात्र आठ दिवसांत पैशापैशासह सगळ्यांना पाठवा. खातं दोघांच्या सहीचं ठेवा, म्हणजे मैत्रीत संशय शिरत नाही.

निवृत्त सरांना घरी जाऊन बोलवा. गाडीची सोय करा आणि हॉलला जिने किती आहेत ते बघा. मेसमध्ये ज्यांनी आपल्याला वाढलं, त्या मामांनाही पाहुणे म्हणून बोलवा. भाषणं कमी, गप्पांना वेळ जास्त. जे आता हयात नाहीत, त्यांची नावं सुरुवातीलाच, उभं राहून घ्या.

आणि आत्ता हॉस्टेलवर असलेल्यांनो, तुमचं काम आजच सुरू होतं. मोबाइल नंबर बदलतात, कॉलेजचा ईमेलही बंद होऊ शकतो. जाण्याआधी प्रत्येकाच्या गावाकडचा पत्ता एका वहीत लिहून घ्या. पंचवीस वर्षांनी तीच वही कामाला येईल!