सिरिराज : राजवाड्याच्या जागेवरची शुश्रूषाशाळा

बँकॉकमध्ये चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठावर राजांचा भव्य राजवाडा आहे आणि पलीकडे, किंचित उत्तरेला, सिरिराज रुग्णालय. या जागीही पूर्वी वाडाच होता, चक्री घराण्याच्या पहिल्या राजाच्या भाच्याचा. वांग लांग म्हणजे 'मागचा वाडा' हे त्याचे नाव तिथल्या धक्क्याला आजही आहे.

१८८७ मध्ये राजा चुलालाँगकॉर्नचा सिरिराज नावाचा दीड वर्षाचा मुलगा आमांशाने गेला. रुग्णालयासाठी समिती आदल्याच वर्षी नेमली होती. राजाने बाळाच्या दहनविधीच्या मंडपांचे लाकूडसामान इमारतींसाठी दिले आणि १८८८ च्या एप्रिलमध्ये रुग्णालय सुरू झाले. पण रुग्ण येईनात. दवाखान्यात राहायला जायचे ही कल्पनाच लोकांना परकी होती.

हा दुरावा पैशाने मिटणारा नव्हता. त्यासाठी घराघरांत शिरू शकणारी, लोकांच्या भाषेत बोलणारी माणसे हवी होती. म्हणून सिरिराजच्या इतिहासात मला १८८८ पेक्षा १८९६ हे साल मोठे वाटते. त्या वर्षी राणी सावोभाने इथे सुईणकाम आणि शुश्रूषा शिकवणारी शाळा काढली. तेव्हा सयामात, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, बाळंतिणीला दिवसेंदिवस विस्तवाशेजारी निजवून ठेवत. आपल्याकडे बाजेखाली शेगडी असते, तसेच. पण तिथला विस्तव कितीतरी प्रखर आणि हवा मुळातच उकाड्याची. ही रीत सोडा, हे परक्या डॉक्टरने सांगून आजी-मावश्या थोड्याच ऐकणार? शिकलेली, आपल्यातलीच मुलगी बाळंतपण सुखरूप करून दाखवते, तेव्हा बोलणे पटते.

या शाळेत १९१३ साली संगवान नावाची तेरा वर्षांची मुलगी दाखल झाली. सोनाराची लेक, आईवडील लहानपणीच गेलेले. शिक्षण संपल्यावर राजघराण्याच्या शिष्यवृत्तीवर ती अमेरिकेला गेली. तिथे बॉस्टनमध्ये तिची गाठ चुलालाँगकॉर्नचा मुलगा महिदोल याच्याशी पडली. नौदल सोडून तो हार्वर्डमध्ये सार्वजनिक आरोग्य शिकत होता. १९२० मध्ये दोघांचे लग्न झाले. पुढे त्यांचे दोन्ही मुलगे, आनंद आणि भूमिबोल, थायलंडचे राजे झाले.

महिदोलने स्वतःच्या पैशांतून विद्यार्थ्यांना परदेशी धाडले, आणि रॉकफेलर फाउंडेशनशी बोलणी करून सिरिराजमधले वैद्यकीय व शुश्रूषेचे शिक्षण आधुनिक केले. १९२८ मध्ये तो स्वतःही डॉक्टर झाला. पण राजपुत्राने सामान्य माणसाच्या अंगाला हात लावायचा, हे बँकॉकच्या दरबारी रिवाजात बसेना. शेवटी तो चिआंग माईच्या मिशनरी रुग्णालयात जाऊन काम करू लागला. तिथे लोक त्याला डॉक्टर राजपुत्र म्हणत. १९२९ च्या सप्टेंबरमध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी तो वारला. ज्या राजघराण्याने रुग्णालय उभारले, त्याच घराण्यातल्या डॉक्टरला आपल्या शहरात रुग्ण तपासणे कठीण व्हावे, हे मला फार लागते.

संगवानने मात्र परिचारिकेचे काम मनातून कधी खाली ठेवले नाही. १९६९ मध्ये, सत्तरीला टेकलेली असताना, तिने डॉक्टर, दंतवैद्य आणि परिचारिका यांची स्वयंसेवी पथके उभारली. रस्ते पोचत नव्हते अशा डोंगराळ, सीमेवरच्या गावांत ती पथके हेलिकॉप्टरने उतरत आणि फुकट उपचार करत. पुष्कळदा राजमाता स्वतः त्यांच्याबरोबर असे.