ताड रुजवताना

ताडाची वाढ संथ, पण ती आधी जमिनीखाली होते. वर काही दिसत नाही म्हणून आशा सोडू नका.

• बी : झाडावर पिकून गळलेल्या फळातलेच घ्या आणि ताजे असतानाच लावा. ताडगोळ्यांसाठी उतरवलेले कोवळे फळ रुजत नाही.

• जागा : भरपूर ऊन आणि निचऱ्याची जमीन हवी. बी कायमच्या जागीच लावा. कोंब आधी खोल खाली उतरतो. रोप उपटून हलवले की तो तुटतो आणि रोप दगावते.

• पाणी : पहिले दोन-तीन उन्हाळे अधूनमधून पाणी द्या, बुडाशी पालापाचोळा पसरा.

• राखण : पहिले पान अरुंद, घडीदार असते. पंख्याचा आकार नंतर येतो. खुरपताना ते गवत समजून उपटले जाते, म्हणून शेजारी काठी रोवा. वाढीचा शेंडा एकच असतो. तो गुरांनी खाल्ला तर झाड संपले.

• धीर : खोड दिसायलाच काही वर्षे जातात, फळ धरायला साधारण 12 ते 20. नर-मादी झाडे वेगळी असतात आणि फळे मादीलाच येतात. म्हणून एक नको, चार-पाच बिया लावा.