ड्रग्जविरोधी युद्धाची किंमत कोण मोजतो?

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सैन्याने कॅरिबियन समुद्रातील नौकांवर हल्ले सुरू केले. नौकांवर अमली पदार्थ होते आणि मारले गेलेले तस्कर होते, असे अमेरिकी सरकारचे म्हणणे. त्यांच्यावर खटला मात्र चालला नाही. संयुक्त राष्ट्रांचे मानवी हक्क उच्चायुक्त फोल्कर टुर्क यांनी हे हल्ले आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग करतात असे स्पष्ट सांगितले. तरीही जगभरात अनेकांना ही कारवाई योग्य वाटते, कारण ड्रग्जविरोधी युद्धाबद्दलचे काही समज पक्के बसलेले आहेत. ते तपासायचे तर कोलंबियाकडे पाहावे लागते. तिथे सरकार डाव्या बंडखोरांशी लढत असतानाच २००० साली 'प्लॅन कोलंबिया' ही ड्रग्जविरोधी योजना सुरू झाली. अमेरिकी काँग्रेसने कोलंबिया आणि शेजारील देशांसाठी मिळून १.३ अब्ज डॉलर मंजूर केले आणि पुढच्या दीड दशकात एकूण मदत सुमारे दहा अब्ज डॉलरवर गेली. सुरुवातीच्या वर्षांत यातला बराच मोठा हिस्सा लष्कर आणि पोलिसांसाठी होता: ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर, प्रशिक्षण, गुप्तवार्ता आणि फवारणीची विमाने.

गैरसमज १: अशा मोहिमांत मारले जातात ते तस्कर किंवा दहशतवादीच असतात.

वस्तुस्थिती: राजधानी बोगोटाला लागून सोआचा नावाचे गरिबांचे शहर आहे. २००८ च्या सुरुवातीपासून तिथले तरुण एकेक करून बेपत्ता होऊ लागले. चांगले काम देतो, असे सांगून त्यांना नेले होते. काही महिन्यांनी त्यांचे मृतदेह शेकडो किलोमीटर दूर, ओकान्या भागात सापडले. लष्कराच्या नोंदीत ते 'चकमकीत ठार झालेले बंडखोर' होते. त्यांतला एक तरुण २६ वर्षांचा होता. त्याची समज लहान मुलाएवढी होती आणि उजव्या हातात बळ नव्हते. लष्कराने पिस्तूल दाखवले ते नेमके त्याच्या उजव्या हातात. त्याच्या आईने हीच गोष्ट लावून धरली आणि चकमकीची कहाणी कोसळली.

हे प्रकरण 'फॉल्स पॉझिटिव्ह' म्हणून ओळखले जाते. सरकार आणि बंडखोरांमधील २०१६ च्या शांतता करारानंतर स्थापन झालेल्या विशेष न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये जाहीर केले की, २००२ ते २००८ या काळात अशा प्रकारे किमान ६,४०२ जणांना मारून बंडखोर म्हणून दाखवले गेले. ते शेतमजूर होते, बेरोजगार होते, अपंग होते. ज्यांच्यामागे कोणी चौकशीला येणार नाही असे वाटले, त्यांनाच निवडले गेले. सोआचाच्या आया मात्र आल्या, आणि अजूनही येतात.

गैरसमज २: हे काही बहकलेल्या शिपायांचे काम होते.

वस्तुस्थिती: संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी फिलिप ऑल्स्टन २००९ मध्ये कोलंबियात चौकशीला गेले. या हत्या सरकारचे अधिकृत धोरण होत्या, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. पण लष्करातल्या मोठ्या गटांनी त्या बऱ्याच पद्धतशीरपणे केल्या, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यामागे एक यंत्रणा होती. युनिटचे यश मृतदेहांच्या आकड्यावर मोजले जाई. त्यावर रजा, पदके आणि बढत्या ठरत. संरक्षण मंत्रालयाच्या २००५ च्या २९ क्रमांकाच्या निर्देशात बेकायदा सशस्त्र गटांच्या लोकांना पकडण्यासाठी किंवा मारण्यासाठी बक्षिसांची रक्कम ठरवून दिली होती. जिथे मेलेल्या माणसाला किंमत असते, तिथे माणसे मारली जाणारच.

प्रकरण उघड झाल्यावर २००८ मध्ये २७ लष्करी अधिकारी आणि सैनिक बडतर्फ झाले. लष्करप्रमुख मारियो मोन्तोया यांनी राजीनामा दिला आणि काही महिन्यांत ते डोमिनिकन प्रजासत्ताकात राजदूत म्हणून गेले. १३० हत्यांबद्दल विशेष न्यायाधिकरणाने त्यांच्यावर आरोप ठेवले ते २०२३ मध्ये.

गैरसमज ३: परदेशी मदतीला मानवी हक्कांच्या अटी असतात, त्यामुळे गैरवापर होत नाही.

वस्तुस्थिती: अटी होत्या. हक्कभंगाचा विश्वासार्ह आरोप असलेल्या लष्करी तुकडीला मदत देऊ नये, असे अमेरिकेचा लेही कायदा सांगतो. प्लॅन कोलंबियालाही वेगळ्या अटी जोडल्या होत्या. पण ऑगस्ट २००० मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन त्यांतल्या बहुतेक अटी बाजूला ठेवल्या आणि पैसा सुटला.

त्या पैशाने काय झाले, हे अर्थतज्ज्ञ ओइंड्रिला दुबे आणि सुरेश नायडू यांनी तपासले. अमेरिकी लष्करी मदत वाढली की लष्करी तळ असलेल्या भागांत उजव्या सशस्त्र टोळ्यांचे हल्ले वाढत, असे त्यांना आढळले. डाव्या बंडखोरांच्या हल्ल्यांवर मात्र या मदतीचा परिणाम दिसला नाही. म्हणजे दिलेली ताकद वाटेत पाझरत होती आणि ज्यांच्यापासून लोकांचे रक्षण व्हायला हवे होते, अशांच्याही हाती पडत होती.

गैरसमज ४: फवारणीने फक्त कोका मरतो.

वस्तुस्थिती: कोकेनचे मूळ म्हणजे कोकाची पाने. ती नष्ट करण्यासाठी विमानांतून ग्लायफोसेट फवारले गेले. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना हे तणनाशक चांगलेच ओळखीचे आहे. ते निवडक नाही, ज्या हिरव्या पानावर पडेल ते जाळते. विमानातून आणि वाऱ्यावर पडणारे औषध कोका आणि शेजारची केळी, मका, कसावा यांत फरक करत नाही. पिके गेली, त्वचेच्या आणि डोळ्यांच्या तक्रारी आल्या, लोक घरदार सोडून निघाले. सीमेपलीकडे औषध उडाले म्हणून इक्वेडोरने २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. २०१३ मध्ये कोलंबियाने दीड कोटी डॉलर देऊन तो मिटवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेटला 'बहुधा कर्करोगजनक' ठरवल्यावर २०१५ मध्ये हवाई फवारणी थांबली. तोवर लाखो हेक्टर जमिनीवर ती होऊन गेली होती.

गैरसमज ५: कोका लावणारा शेतकरी माफियाचा भागीदार असतो.

वस्तुस्थिती: कोका पिकतो तो रस्ते, बाजारपेठ, बँक यांपासून दूर असलेल्या भागांत. तिथून केळी शहरापर्यंत न्यायची तर भाडे मालाच्या किमतीहून जास्त आणि माल वाटेत सडणार. कोका वर्षातून अनेकदा खुडता येतो, त्याची पेस्ट एका पिशवीत मावते आणि खरेदीदार दारात येतो. नफ्याचा मोठा वाटा मात्र शेतकऱ्याकडे नसतो, तो वाहतूक आणि परदेशातल्या विक्रीत असतो. शिवाय अँडीज पर्वतातले आदिवासी शतकानुशतके कोकाची पाने चघळत आले आहेत. पान म्हणजे कोकेन नव्हे.

२०१६ च्या शांतता करारानंतर पर्यायी पिकांच्या योजनेत सुमारे ९९ हजार कुटुंबे आपणहून सामील झाली. लोकांना कोका सोडायचा होता. पण मदत रखडली, रस्ते झाले नाहीत आणि योजनेचे काम करणारे कित्येक गावपुढारी मारले गेले.

गैरसमज ६: किंमत मोठी असेल, पण निदान कोकेन तरी थांबले.

वस्तुस्थिती: प्लॅन कोलंबियाच्या काळात अपहरणे आणि खून बरेच कमी झाले, बंडखोर वाटाघाटींना आले. हे यश खरे आहे आणि ते नाकारू नये. पण योजना ज्या नावाने विकली गेली, ते काम झाले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीनुसार २००० साली कोलंबियात सुमारे १ लाख ६३ हजार हेक्टरवर कोका होता. २०१३ मध्ये तो ४८ हजारांवर आला. २०२३ मध्ये तो अडीच लाख हेक्टरच्या वर होता. मागणी तशीच असली की लागवड एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात सरकते.

हीच वाट मेक्सिकोनेही धरली. ड्रग्जच्या टोळ्यांविरुद्ध त्याने २००६ मध्ये सैन्य रस्त्यावर उतरवले, २००८ पासून अमेरिकी मदत आली, आणि २०२२ पर्यंत बेपत्ता लोकांची अधिकृत नोंद एक लाखावर गेली. 'लॉस सेतास' ही तिथली क्रूर टोळी तर सैन्याच्या विशेष दलातून पळालेल्या जवानांनीच उभी केली होती. शत्रूला संपवण्याचे प्रशिक्षण कोणाच्या कामी येईल, हे देणाऱ्याच्या हाती राहत नाही.

अमली पदार्थांनी घरे उद्ध्वस्त होतात, हे कोणी नाकारत नाही. त्यावर उपाय हवाच: व्यसनमुक्तीचे उपचार, शेतकऱ्याला परवडणारे दुसरे पीक, पैशाचा माग काढणारा तपास आणि आरोपीला न्यायालयात उभे करणारे पोलीस. कोलंबियाच्या सत्यशोधन आयोगानेही २०२२ च्या अहवालात अमली पदार्थांबाबतचे युद्धाचे धोरण बदलण्याची शिफारस केली. म्हणून 'ड्रग्जविरोधी कारवाईत इतके ठार' अशी बातमी जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून आली, की टाळ्या वाजवण्यापूर्वी विचारा: मेलेले कोण होते, गुन्हा कोणी सिद्ध केला, आणि हा आकडा वाढल्याने बढती कोणाला मिळाली?