खाडीचा चिखल श्वास कसा घेतो?

ठाकुर्लीकरांस खाडी परकी नाही. उल्हास नदीचे पाणी येथून जवळच भरती-ओहोटीने चढते-उतरते. ओहोटीच्या वेळी डोंबिवलीच्या रेतीबंदराकडे गेले की तिवरांच्या मुळांपाशी चिखलात असंख्य भोके दिसतात. ती खेकड्यांची, निवट्यांची व चिखलातील किड्यांची घरे होत. या घरांचा आपल्या सांडपाण्याशी काय संबंध, हे आम्हांस आज सांगावयाचे आहे.

चिखलाचा वरचा पापुद्रा खरवडला की खाली काळा थर लागतो आणि कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. प्राणवायू बारीक चिखलात काही मिलिमीटरच उतरतो. त्याखालचे जंतू प्राणवायूऐवजी खाऱ्या पाण्यातील सल्फेट वापरून कुजका पाला पचवतात. त्यातून गंधकाचा तो दुर्गंधी वायू निघतो. लोखंडाशी त्याचा संयोग झाला की चिखल काळा पडतो.

प्राणवायू आपणहून खोल का जात नाही? स्थिर पाण्यात विरघळलेले द्रव्य पसरते खरे. पण अंतर दसपट झाले की वेळ शंभरपट लागतो. एका मिलिमीटरास काही मिनिटे पुरतात, दहा सेंटिमीटरांस महिने लोटतात. तोवर वाटेतले जंतू तो संपवूनही टाकतात!

खेकड्याचे बीळ ही वाट तोडते. भरतीचे पाणी त्यातून थेट खाली जाते. बिळाच्या भिंतीवर गंजासारखा तांबूस लेप दिसतो, ती प्राणवायूचीच खूण. या भिंतीवर सांडपाण्यातील अमोनियाचे नायट्रेट होते. काही मिलिमीटर पलीकडे, प्राणवायू नसलेल्या चिखलात, त्याच नायट्रेटचा नायट्रोजन होऊन तो हवेत निघून जातो. ही सफाई फुकट चालते.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काळ्या चिखलात गंधकाने जस्त, तांबे, शिसे जखडून ठेवलेले असते. प्राणवायू पोहोचला की त्यातील काही भाग सुटून पाण्यात येऊ शकतो. दोष खेकड्याचा नव्हे. चिखलात विष पुरणाऱ्याचा.

सांडपाणी बेसुमार झाले, की पाण्यातला प्राणवायू संपतो, बिळे करणारे जीव मरतात आणि बिळे बुजतात. म्हणजे घाण सर्वांत अधिक असते, नेमका तेव्हाच झाडूवाला नाहीसा होतो.

ठाण्याच्या खाडीस २०२२ साली रामसर यादीत स्थान मिळाले. तेथे रोहित पक्षी पाहावयास लोक हौसेने जातात. त्यांनी पक्षी अवश्य पाहावेत. पण एकदा खाली वाकून भोकेही पाहावीत, एवढीच आमची विनंती आहे.